ताल छापर : काळविटांचे मोकळे रान

लाडनूंच्या जैन विश्व भारतीला जाणारी महाराष्ट्रातील कुटुंबे बहुधा दोन दिवसांचा बेत आखतात. साधुसाध्वींचे दर्शन, प्रवचन, ग्रंथालय, गावातील प्राचीन दिगंबर मंदिरातील संगमरवरी सरस्वतीची मूर्ती आणि परतीच्या वाटेवर सुजानगडचे सिंघी जैन मंदिर एवढे झाले की यात्रा सुफळ झाली असे मानून मंडळी जयपूरचा रस्ता धरतात. सुजानगडहून उलट दिशेने बारा-तेरा किलोमीटर गेले की छापर नावाचे छोटे गाव लागते, याची अनेकांना कल्पना नसते. तेरापंथी घरांना मात्र हे नाव ठाऊक असते. तेरापंथाचे आठवे आचार्य कालूगणी यांचा जन्म १८७७ मध्ये याच गावी झाला आणि आचार्य महाश्रमण यांचा २०२२ चा चातुर्मासही येथेच झाला. त्या चातुर्मासात दर्शनाला आलेल्या हजारो श्रावकांपैकी गावाला लागून असलेल्या रानात कितीजणांनी पाऊल टाकले असेल, हे सांगणे कठीण आहे. ज्यांनी टाकले, त्यांना एक वेगळेच दर्शन घडले असणार.

हे रान म्हणजे ताल छापर अभयारण्य. चुरू जिल्ह्यातील या भागाला जुन्या बोलीत थळी म्हणतात. थळी म्हणजे वाळूच्या टेकड्या, विरळ झाडी आणि खोल विहिरींचा मुलूख. येथील ओसवाल घराण्यांनी पोटापाण्यासाठी बंगाल आणि आसामची वाट धरली. महाराष्ट्रात आलेली मारवाडी जैन घराणी बहुतांशी दक्षिणेकडच्या मारवाडातील. तरीही छापरच्या बाजारातील बंद हवेल्या, त्यांवरचे फिकट झालेले रंग आणि ओट्यावर बसलेला एखादा वृद्ध राखणदार पाहिला की जालना-नगरकडच्या वाचकाला आपल्या पणजोबांच्या गावाची आठवण व्हावी, इतके साम्य आहे. माणसे दूर गेली. पैसा मात्र परत येत राहिला आणि त्यातून गावोगाव धर्मशाळा, विहिरी, शाळा आणि गोशाळा उभ्या राहिल्या. यातील गोशाळेचा संबंध पुढे यायचा आहे.

वाळवंटातील अभयारण्य म्हटले की डोळ्यांसमोर वाळूचे ढिगारे येतात. ताल छापर तसे नाही. ताल म्हणजे सपाट, खोलगट जमीन. आजूबाजूच्या वाळूच्या मुलुखात ही जमीन परातीसारखी पसरली आहे. एका बाजूला गोपाळपुऱ्याच्या खडकाळ टेकड्या दिसतात, बाकी क्षितिजापर्यंत गवतच गवत. माती खारट, पावसाचे पाणी उतरून येथे साचते आणि वाळले की मिठाचा पांढुरका थर मागे ठेवते. पाऊसही वर्षाकाठी जेमतेम तीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. उन्हाळा असा की जून २०१९ मध्ये चुरूचे तापमान पन्नास अंशांच्या वर गेले होते. हिवाळ्यात तेथेच पारा शून्याच्या खाली उतरतो. अशा जमिनीत शेती कष्टाची असते. गवताला मात्र ती मानवली. येथे मोथिया नावाचे गवत होते. त्याचे बारीक, गोल दाणे मोत्यासारखे दिसतात आणि नावही त्यावरूनच पडले असे गावकरी सांगतात. हे आपल्याकडच्या मोथ्याच्याच कुळातले. ज्या मोथ्याला महाराष्ट्रातील शेतकरी पिकाचा वैरी म्हणून खणून काढतो, त्यावर येथे एक अख्खे रान जगते.

या गवतात काळवीट राहतात. एक-दोन नव्हेत, दहा-वीस नव्हेत. अभयारण्याच्या दारातून आत शिरले की पहिल्या शंभर पावलांतच कळप दिसू लागतात आणि मग नजर जाईल तिथे तेच. जंगल पाहण्याचा आपल्याकडील अनुभव बहुधा वाट पाहण्याचा असतो. ताडोब्यात वाघासाठी तासन्‌तास जीपमध्ये बसावे लागते आणि शेवटी पंजाच्या ठशावर समाधान मानावे लागते. येथे लपाछपी नाही. झाडीच नसल्याने प्राण्याला लपायला जागा नाही आणि त्याला तशी गरजही वाटत नाही. गाडी आल्यावर माद्या मान वर करून पाहतात, धोका नाही याची खात्री करून घेतात आणि पुन्हा चरू लागतात.

मादी तपकिरी-पिवळसर, पोटाकडे पांढरी आणि बिनशिंगांची. नर लहानपणी तिच्यासारखाच असतो; तिसऱ्या वर्षानंतर त्याचा रंग गडद होत जातो आणि कळपाचा धनी होण्याइतका तो वाढला की पाठ काळीभोर होते. शिंगे पिळदार, मळसूत्रासारखी. असा नर आपली जागा ठरवून घेतो. जागेच्या हद्दीवर तो नेमाने लेंड्या टाकून खुणा करतो आणि शेजारच्या नराने ती हद्द ओलांडली तर मान मागे टाकून, नाक वर करून, शेपटी पाठीवर वळवून त्याच्या समोर मिरवत जातो. बहुतेक तंटे एवढ्या दिखाव्यावरच मिटतात. क्वचित शिंगाला शिंग भिडते आणि त्याचा खटखट आवाज सकाळच्या शांततेत दूरवर ऐकू येतो. काळवीट पळू लागला की त्याची उडी पाहण्यासारखी असते. सगळा कळप एकामागून एक उसळत जातो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग असणारा हा प्राणी मोकळ्या मैदानावर कोणालाही सहजी सापडत नाही. पूर्वी त्याचा शत्रू चित्ता होता.

चित्ता गेला, पण त्यानंतर माणूस आला. ताल छापर ही बिकानेर राजघराण्याची राखीव शिकारभूमी होती. राजेरजवाड्यांचे पाहुणे येथे बंदुका घेऊन येत. शिकार टिकावी म्हणून रान राखले गेले आणि रान राखले गेले म्हणून काळवीट उरले, असा हा उलटा हिशेब आहे. बाकी ठिकाणी जेथे कोणाचीच मालकी नव्हती तेथे नांगर फिरला, बंदूक चालली आणि भारतभर दिसणारा हा हरिण तुकड्यातुकड्यांत उरला. १९६६ मध्ये ताल छापरला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. तेव्हापासून येथे गोळी चाललेली चालत नाही. ज्या जमिनीवर जीव घेण्याची हौस भागवली जात होती, ती जमीन एका पिढीत अभयाची झाली. सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे लांछन मृग आहे. त्या चिन्हाला वंदन करून आलेल्या यात्रेकरूला हे पालटलेले दृश्य अधिक भावेल यात नवल नाही.

येथवर सारे मनासारखे आहे. पण हिशेबाची सवय असलेल्या माणसाने या रानाचे आकडे एकदा मांडून पाहावेत.

अभयारण्याचे क्षेत्र ७१९ हेक्टर आहे, म्हणजे सात चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. एकरांत सांगायचे तर सुमारे पावणेअठराशे. मध्यम आकाराच्या एखाद्या गावाची शिवारेही याहून मोठी असतात. या जागेत गणनेत आढळलेले काळवीट दोन हजारांच्या पुढे गेलेले आहेत. म्हणजे एका काळविटाच्या वाट्याला पुरता एक एकरही येत नाही. शिवाय त्याच गवतावर नीलगाई आहेत, चिंकारा आहेत, ससे आहेत आणि हिवाळ्यात येणारी पाखरे आहेत. गवत हे या रानाचे भांडवल. पावसाळ्यात ते वाढते, दाणा धरते, दाणा मातीत पडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उगवतो. चांगल्या पावसाच्या वर्षी प्राणी व्याजावर जगतात. पाऊस चुकला की दाणा धरण्याआधीच गवत खाल्ले जाते. मुद्दलाला हात लागतो. सलग दोन वर्षे तसे झाले तर तिसऱ्या वर्षी चांगला पाऊस येऊनही उगवायला बी पुरेसे उरत नाही. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गवताला दुसरा धोका वेड्या बाभळीचा. राजस्थानात तिला विलायती बबूल म्हणतात. ओसाड जमीन हिरवी करण्यासाठी ती मुद्दाम लावली गेली, आणि तिने अशी मुसंडी मारली की तिच्याखाली गवत उगवेना. तिच्या शेंगा गोड. काळवीट त्या आवडीने खातात आणि त्यांच्या लेंड्यांतून बी सगळ्या रानात पसरते. म्हणजे प्राणी स्वतःच आपल्या अन्नाच्या नाशाचे बी पेरतो. वनखात्याने येथे ही झाडे मुळासकट काढून गवताचे बी पेरण्याचे काम केले आहे. झाड तोडणे हे पाप असे ज्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले आहे, त्यांना हे दृश्य प्रथम खटकते. पण त्या उपटलेल्या बाभळीच्या जागी आज मोथिया डुलताना दिसतो आणि त्यात कळप चरताना दिसतो, तेव्हा प्रश्न इतका सोपा नसल्याचे ध्यानात येते.

कुत्र्यांचा प्रश्न याहूनही अवघड. वस्तीच्या कडेला जेथे शिळे अन्न पडते, तेथे मोकाट कुत्र्यांचे कळप वाढतात. सपाट, कोरड्या जमिनीवर कुत्रा काळविटाला गाठू शकत नाही. अवकाळी वादळी पाऊस झाला की मात्र खारट मातीचा चिखल होतो, खूर रुततात, वेगाचा काही उपयोग उरत नाही. अशा वादळांत येथे काळवीट दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. काही गारठ्याने, काही कुत्र्यांच्या तोंडी. दारात आलेल्या कुत्र्याला पोळी घालणे हा आपल्याकडे रोजचा नेम. तो नेम सोडावा असे कोण म्हणेल? परंतु अभयारण्याच्या वेशीवर गाडी थांबवून उरलेल्या पुऱ्या आणि बिस्किटे फेकणारे यात्रेकरू ज्या जीवाला जगवतात, त्याच जीवाच्या दातांखाली कोणाचे पाडस येते, हे त्यांना दिसत नाही. ते दिसण्यासारखे अंतर नसते एवढेच.

पाडसांबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काळविटाची मादी साधारण सहा महिन्यांच्या गर्भधारणेनंतर एका पाडसाला जन्म देते आणि पहिले काही दिवस त्याला गवतात लपवून स्वतः दूर चरते. पाडस हालत नाही, आवाज करत नाही; तीच त्याची ढाल. असे पाडस एकटे दिसले की दयाळू माणसाला ते अनाथ वाटते. ते उचलून आणणे, त्याला बाटलीने दूध पाजणे हे सर्व चांगल्या हेतूने होते आणि बहुतेक वेळा ते पाडसाच्या जिवावर बेतते. मादी जवळच असते. माणूस निघून जाण्याची ती वाट पाहत असते.

बावीसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची कथा घराघरांत सांगितली जाते. लग्नाच्या वरातीत जात असताना वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि ते मागे फिरले. त्या कथेत कुंपण हे बंधन आहे. ते उघडले की जीव सुटला. ताल छापरचे कुंपण नेमके याच्या उलट काम करते. त्याच्या आत काळवीट मोकळा आहे, आणि बाहेर पडला की शेत, रस्ता, कुत्रे आणि तारा यांच्या तावडीत सापडतो. बाहेरचे शेतकरीही काही सुखात नाहीत. अपुऱ्या पावसात कसेबसे उगवलेले बाजरीचे आणि मोठाचे पीक रात्रीतून चरले गेले तर त्याचा भार कोणावर? शहरातून आलेल्या पर्यटकाच्या छायाचित्रात हा शेतकरी येत नाही. तो वैतागतो, हाकलतो, पण सहसा मारत नाही. या भागातील अहिंसेचा खरा खर्च तोच सोसतो आहे.

यावर उपाय म्हणून काही काळवीट जवळपासच्या दुसऱ्या रानात हलवावेत, असा विचार मांडला गेला आहे. सांगायला सोपा असला तरी काळवीट हा अतिशय भित्रा प्राणी. पकडताना बसलेल्या धक्क्यानेच तो मरू शकतो. दुसरा मार्ग जमीन वाढवण्याचा. पण आसपास मिठाचा आणि दगडखाणींचा धंदा आहे, वस्ती वाढते आहे, आणि वाढवणे दूरच, आहे ते क्षेत्र कमी करण्याचा विषयही निघाला होता. राजस्थान उच्च न्यायालयाने त्यास मनाई केली, म्हणून ७१९ हेक्टर हा आकडा अजून कायम आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हा पेच परका नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जतजवळचे रेहेकुरी अभयारण्यही काळविटांसाठीच, आणि त्याचे क्षेत्र तर अवघे २.१७ चौरस किलोमीटर. तेथेही कळप कुंपणाबाहेरच्या ज्वारीत दिसतात.

आता गोशाळेची गोष्ट. अभयारण्याच्या बाहेर गोशाळेचे एक मोठे मोकळे रान आहे. तेथे खेजडीची, म्हणजे आपल्या शमीची, जुनी झाडे आहेत, केर आहे. ज्या सांगरीची आणि केराची भाजी मारवाडी पंगतीत मानाने वाढली जाते, ती याच झाडाझुडपांची. गाईंसाठी राखलेल्या या जमिनीवर कोणी नांगर फिरवला नाही आणि कोणी इमारत बांधली नाही. त्यामुळे जे आपोआप टिकले ते पाहायला दूरदूरचे पक्षिनिरीक्षक येतात. येथे सांडा राहतो. हा काटेरी शेपटीचा, गवत-पाला खाणारा वाळवंटी सरडा. उन्हे तापली की तो बिळाच्या तोंडाशी येऊन बसतो आणि चाहूल लागली की क्षणात आत जातो. त्याच्या चरबीच्या तेलाबद्दलच्या खोट्या समजुतीपायी या निरुपद्रवी जीवाचा अनेक ठिकाणी संहार झाला. गोशाळेच्या रानात त्याची बिळे शाबूत आहेत. खेजडीच्या फांद्यांवर गरुड बसतात, आणि गिधाडेही येतात.

गिधाडांविषयी गोशाळांच्या विश्वस्तांनी वाचावे असे थोडे. भारतातील गिधाडे गेल्या तीस वर्षांत जवळजवळ नाहीशी झाली, त्याचे मुख्य कारण जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध ठरले. औषध दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली; २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध बाजारात सहज मिळते. वृद्ध, आजारी गाईंचा सांभाळ करणाऱ्या संस्थेने आपल्या औषधांच्या कपाटात कोणती कुपी आहे हे एकदा पाहणे, एवढ्याने काम होण्यासारखे आहे. त्यासाठी देणगीचीही गरज नाही.

हिवाळ्यात ताल छापरला पाहुणे येतात. कुरजां नावाने राजस्थानी लोकगीतांत शिरलेले करडे, डौलदार क्रौंच मध्य आशिया आणि मंगोलियाकडून सप्टेंबरच्या सुमारास उतरतात आणि मार्चपर्यंत राहतात. फलोदीजवळच्या खीचन गावी या पाखरांना जैन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या दाणा घातला, ही कीर्ती आता जगभर गेली आहे. छापरला त्यांना कोणी दाणा घालत नाही. ती कळपांच्या शेजारी गवतात आपले आपण टिपत असतात. कुठले दृश्य अधिक सुंदर, यावर दोन मते होतील. खीचनचे औदार्य वंदनीय आहे. पण पाखरू माणसाच्या हाताकडे न पाहता आपल्या वाट्याचे शोधते, यात एक वेगळाच मोकळेपणा आहे.

त्याच काळात भोवत्याही येतात. हे लांब पंखांचे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत नाकतोडे आणि टोळ टिपतात. झाडावर न बसता ते रात्री गवतातच उतरतात, आणि ताल छापर हे त्यांच्या मुक्कामाच्या नामांकित ठिकाणांपैकी एक आहे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत हिरवे असते, सप्टेंबर ते मार्च पाखरांचा हंगाम. एप्रिलनंतर वृद्धांना व मुलांना घेऊन जाऊ नये. अभयारण्याच्या दाराशी वनखात्याचे विश्रामगृह आहे, परंतु खोल्या मोजक्या असल्याने आधी चौकशी करावी. नाहीतर सुजानगड किंवा लाडनूंला मुक्काम करून पहाटे निघावे. गाडी ठरलेल्या वाटेवरूनच न्यावी, खाली उतरू नये, खाण्याचे डबे गाडीतच ठेवावेत. सकाळची फेरी उत्तम. भोवत्या उतरताना पाहायचे असतील तर मात्र संध्याकाळीच जावे लागते. डिसेंबरात तेथे सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, तेव्हा चौविहार पाळणाऱ्यांनी भोजन आणि पाणी आधी उरकून निघावे. सूर्य टेकड्यांआड गेला की भोवत्या एकेक करून गवतावर घिरट्या घालू लागतात आणि अंधार पडण्याआधी दिसेनाशा होतात. तेथून लाडनूंचा रस्ता पाऊण तासाचा आहे.